उंडीला बांधलेला दोर

आडोसा : किनारी रानाची मापन यंत्रणा
नोंद-दुरुस्तीचा अर्ज

१. अर्जदाराचे नाव, पद, घर क्रमांक

हेमांगी भिकाजी कुबल. वनसखी. घर क्रमांक ६१, पातवाडी.

पातवाडीत एकसष्टच घरं आहेत. म्हणजे होती. गाव म्हणजे वाळूची एक लांब पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मधे आम्ही. पट्टी सगळ्यात रुंद आहे तिथेसुद्धा समुद्रापासून खाडीपर्यंत चालत जायला चार मिनिटं लागतात. आमचं घर उत्तरेच्या टोकाला. त्याच्यापुढे नुसती वाळू आणि मर्यादवेल. त्यामुळे आम्हाला शेजार एकच, दक्षिणेचं साठ नंबर. जोगलांचं.

हे आताच लिहून ठेवते. रकाना नऊमध्ये लागणार आहे.

२. कोणत्या झाडांची नोंद दुरुस्त करायची आहे?

क्रमांक ४५१ ते ४५९. उंडी. नऊ झाडं. आमच्या घरासमोरची, समुद्राकडची पहिली रांग.

झाडं आता उभी नाहीत. पडलेल्या झाडाची नोंद दुरुस्त करता येते की नाही, ते अर्जात कुठे लिहिलेलं नाही. येते असं धरून चालते.

३. चुकीच्या नोंदीचा कालावधी

तीन वर्षं. सप्टेंबर ते एप्रिल. समुद्राने नाही म्हटलं नाही तो प्रत्येक दिवस.

४. यंत्रणेचे काम तुम्हाला समजले आहे का? तुमच्या शब्दांत लिहा. (शब्दमर्यादा ५०)

पन्नासात बसणार नाही.

वादळात किनाऱ्यावरचं घर वाऱ्याने पडतं असं लोकांना वाटतं. वाऱ्याने कौलं जातात. घर पाडतं ते पाणी. वादळ समुद्राला किनाऱ्यावर रेटतं, पाण्याची पातळी चढते, आणि त्या चढलेल्या पाण्यावर बसून लाटा दारापर्यंत येतात. मधे रान असलं तर पाण्याला प्रत्येक खोड चुकवून पुढे जावं लागतं. खोडाभोवती भोवरे होतात, आणि प्रत्येक भोवऱ्यात लाटेचा थोडा जोर मरतो. एकटं झाड काही करू शकत नाही. सुरू, उंडी, खाली केवड्याची दाटी, मुळांनी धरलेली वाळू, हे सगळं मिळून समुद्राला दमवतं. दारात येतं ते दमलेलं पाणी. आणि रानात एका जागी फट पडली तर पाणी ती बरोबर शोधतं. रुंद नदी अरुंद पुलाखाली जशी धावते, तसं त्या फटीतून धावतं.

हे आमच्याकडे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. कुठलं झाड कोणाच्या घरासाठी दमतं, तेवढं माहीत नव्हतं.

ते डॉ. नीरजा वझे यांनी शोधलं. वझे मॅडमनी आमच्या चार हजार शंभर झाडांना पट्टे बांधले. पट्ट्याच्या आत केसासारखी काचेची तार. खोड वाकलं की तार ताणली जाते आणि तिच्यातून जाणारा उजेड किंचित बदलतो. समुद्रात लाटा मोजणारे सात तरंगते डबे सोडले. कुठली लाट आली आणि त्या वेळी कुठलं खोड किती वाकलं, याचा मेळ घालत 'आडोसा' शिकत गेला. पट्टे पुसायचे, वेली काढायच्या, तुटलेली तार कळवायची, ही माझी नोकरी.

मग फोनवर याद्या आल्या. घराचा नंबर टाका, तुमच्यासाठी दमणारी झाडं बघा.

तोपर्यंत रान कोणाचंच नव्हतं. याद्या आल्यावर प्रत्येकाचं झालं. सुरूचा पालापाचोळा चुलीला कोणीही गोळा करायचं, ते बंद झालं. 'माझ्या तेवीसाखालचा पातेरा उचलू नको' असं लोक म्हणायला लागले. मालंडकरांच्या धाकट्याचं घर थोरल्याच्या अंगणापुढच्या चाळीस झाडांवर टिकून आहे असं निघालं, तेव्हा थोरला त्याला भर पाणवठ्यावर म्हणाला, की आता वाढदिवसाला माझ्या पाया पड. धाकट्याच्या बायकोने उत्तर दिलं, तुमच्या झाडांक सांगा, आमच्यार उपकार करू नकात. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. १२०७ नंबरच्या सुरूला कोणीतरी हळदकुंकू लावलं, तर तिथला पट्टा मला तीनदा पुसावा लागला.

आमच्या घराच्या यादीत वरची नऊ नावं उंडीची होती. गावात सगळ्यात भक्कम आडोसा एकसष्ट नंबरला, असं यंत्र म्हणत होतं. टोकाच्या घराला. बाबा हसले होते.

५. चूक कशी झाली?

रापणीमुळे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते अर्धगोल समुद्रात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि माणसांनी ओढायचे. माझ्या आजोबांच्या वेळी ऐंशी माणसं ओढायची. माझे वडील भिकाजी कुबल रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, झाले तेव्हा पन्नास. पट्टे बांधले त्या वर्षी एकोणीस. त्यात सहा बायका, आणि दोघांचे गुडघे गेलेले.

एकोणीस माणसांना भरलेलं जाळं एका दमात ओढवत नाही. थांबलं की समुद्र दोर परत घेऊन जातो. म्हणून बाबांनी ओढून आलेल्या दोराचा उंडीला वेढा मारायला सुरुवात केली. झाड दोर धरून ठेवायचं, माणसं पाणी प्यायची, मग पुन्हा ओढायची. 'हो आमचो विसावो गडी,' बाबा ४५४ नंबरवर थाप मारून सांगायचे. 'ह्येका वाटो पण द्यावचो लागना नाय.'

माझ्या फोनवर एक बटण होतं. 'मानवी ताण.' झाडाला गुरं बांधली, जाळं वाळत टाकलं, कोणी झोका घेतला, की ते दाबायचं. म्हणजे तेवढी नोंद यंत्र बाजूला ठेवतं. पहिल्या आठवड्यात मी दाबलं. चौथ्या दिवशी सूचना आली. ४५१ ते ४५९ या झाडांना दोर बांधण्यास मनाई. पुन्हा आढळल्यास रापणीचा परवाना तपासला जाईल.

मी ती बाबांना वाचून दाखवली. ते जाळं शिवत बसले होते. झाडाने तक्रार केली काय, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, की त्या बटणाला काय माहीत, एकोणीस म्हणजे किती होतात.

मी बटण दाबायचं सोडलं.

यंत्र फसलं ते असं. दोर खोडाला समुद्राच्या बाजूला ओढतो. फुटलेली लाट परत जाते तेव्हा तीही खोडाला त्याच बाजूला ओढते. पट्ट्याला दोन्ही सारखंच. शिवाय मासळी किनाऱ्याजवळ लागते ती समुद्र थोडा उसळलेला असतो तेव्हा, आणि रापण पडते तीही तेव्हाच. म्हणजे डबे सांगत, लाटा आहेत. पट्टे सांगत, नऊ उंड्या मोडेपर्यंत वाकल्या आहेत. तीन वर्षं हेच ऐकून आडोसा शिकला, की या नऊ उंड्या परतीच्या पाण्याशी गावातल्या कुठल्याही झाडापेक्षा जास्त झुंजतात. आणि त्यांच्या दक्षिणेची, जोगलांच्या घरासमोरची झाडं फारसं काही करत नाहीत.

ती एकशे सव्वीस झाडं होती. त्यांना कोणी दोर बांधत नव्हतं.

६. चूक लक्षात आल्यावर तुम्ही काय केले?

काही नाही.

अधिकचे: खाडीचं मुख गाळाने भरलं आणि मोठ्या होड्या समुद्रात जाईनात. रानातून वीस फुटी वाट काढून होड्या ट्रॉलीवरून थेट समुद्रावर न्यायच्या, असं गेल्या डिसेंबरात ठरलं. दक्षिणेकडे समुद्राने किनारा कापून उभी कड केली आहे. उतरती, घट्ट वाळू फक्त आमच्या टोकाला. वाट एकतर एकसष्टसमोरून किंवा साठसमोरून. माणसांनी ठरवलं असतं तर भांडणं झाली असती, म्हणून आडोशाला विचारलं.

अहवाल आधी माझ्याकडे आला. एकसष्टसमोर वाट काढल्यास धोका फार. साठसमोर काढल्यास किरकोळ.

मला वाचताक्षणी कळलं. उंड्या, दोर, बटण, सगळं एका ओळीत दिसलं. वाट पाडायला तीन आठवडे होते. तेव्हा सांगितलं असतं तर रापण बंद झाली असती, आणि बाबांना दुसरं काही येत नाही. हे कारण मी कोणालाही सांगू शकले असते. दुसरं कारण असं की नोंद सुधारली असती तर वाट आमच्या दारातून गेली असती.

गावात बैठक झाली. जोगलांची म्हातारी, आम्ही तिला माई म्हणतो, ती म्हणाली की यंत्र राहू दे, देवाला कौल लावा. कोणी मनावर घेतलं नाही. तिचा मुलगा सर्वेश रापणीत बाबांच्या उजव्या हाताला ओढायचा. त्याच्याच घरासमोरची झाडं जाणार होती. तो उठला आणि म्हणाला, 'यंत्राक कोण सगोसोयरो नाय. ता सांगता ता मान्य.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बैठकीनंतर सर्वेशची बायको वृंदा माझ्याबरोबर चालत आली. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. लग्न करून ती माझ्या शेजारी आली त्याचा तिच्यापेक्षा मला आनंद झाला होता. वाटेत ती दुसरंच काहीतरी बोलत होती, माईच्या पायाचं, शेवग्याचं. आमच्या कुंपणाशी थांबली.

'हेमा, तू रोज त्या झाडांत असतंस. तुका काय वाटता?'

'आकडे बरोबर आसत,' मी म्हटलं.

'मगे झाला,' ती म्हणाली, आणि शेवग्याच्या चार शेंगा माझ्या हातात देऊन गेली.

जानेवारीत झाडं तोडण्याआधी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे रानाला हात लावायचा तर जागेच्या राखणदाराला सांगावं लागतं. नारळ ठेवतात, मानकरी बोलतो, बाकीचे होकार देतात. मानकरी बाबाच.

बा राखणदारा म्हाराजा, आज ही पातवाडीची रयत तुझ्या पायाकडे जमलेली आसा.
व्हय म्हाराजा.
होडयेक वाट व्हयी म्हणान झाडाक हात लावतंव, ता गोड मानून घे.
व्हय म्हाराजा.
कोणाचा जाणतेपणी, अजाणतेपणी काय चुकला आसात, कोणी काय लपवन ठेवला आसात, ता पोटात घाल. आणि ज्या घराचो आडोसो जाता, त्या घराची राखण तू कर रे म्हाराजा.

शेवटचं वाक्य नेहमीच्या गाऱ्हाण्यातलं नव्हतं. बाबांनी ते घातलं. ते कोणाकडे बघत नव्हते.

व्हय म्हाराजा, असं सगळ्यांबरोबर मीही म्हटलं. वृंदा माझ्या शेजारी उभी होती. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

७. चुकीचे परिणाम (वेळेसह)

तारीख २४ मे. वादळ दुपारी लागणार होतं. पाणी सकाळपासूनच चढायला लागलं. खाडीलाही उधाण होतं, त्यामुळे पलीकडच्या शाळेत निम्मंच गाव पोचलं. उरलेले ज्यांचा आडोसा भक्कम त्यांच्या घरात. यंत्राने तसंच सांगितलं होतं. आमच्या घरात चौदा माणसं होती.

मी फोनवर पट्टे बघत होते. पट्टा तुटला की त्या झाडासमोर 'शांत' असं येतं.

११.४२ – ४५४ शांत.

११.४२ – ४५३, ४५५ शांत. तीन वर्षं दोर घासून उंडीच्या सालीत बोटभर खोल चर पडला होता. तो मी दर आठवड्याला पुसत होते. मोडल्या त्या चरातच.

११.५० – सर्वेश माईला पाठीवर घेऊन आमच्या पडवीत आला. मागून वृंदा, तिच्या डोक्यावर ट्रंक. पाणी घोट्यापर्यंत. माईला खाटेवर ठेवलं. ती म्हणत होती, माझा दार नीट लावलंस मा?

११.५८ – ४५१, ४५२, ४५६ शांत.

१२.०४ – सर्वेश म्हणाला, इंजिन घरच्या पडवीतच राहिलं, उचलून माळ्यावर टाकतो. होडीचं इंजिन. बाबा नको म्हणाले. सर्वेश त्यांना म्हणाला, तात्या, वीस पावलां तर आसत.

१२.०९ – ४५७ ते ४५९ शांत.

नऊ उंड्या सत्तावीस मिनिटांत गेल्या.

१२.११ – आमच्या दक्षिणेच्या खिडकीतून नव्या वाटेचा तुकडा दिसतो. वाटेतून पाणी आलं. लाट नव्हती ती. लाटेला वरखाली असतं. हे सरळ आलं, भिंत चालत यावी तसं, तपकिरी, आणि आवाज न करता. आवाज नंतर झाला, साठ नंबरला लागलं तेव्हा.

१२.११ – चिऱ्याची भिंत पडते तेव्हा सगळी एकदम पडत नाही. आधी पडवीचा खांब. मग छप्पर खाली बसलं. मग समुद्राकडची भिंत आत, आणि आमच्याकडची भिंत बाहेर, आमच्याच बाजूला, एक मोठा ढीग होऊन. पाणी त्या ढिगावर आपटलं, वर उडालं, दोन्हीकडे वळलं. आमच्या घरात आलं ते गुडघाभर.

१२.१२ – वृंदा दाराकडे गेली. बाबांनी तिला कमरेला धरलं. ती त्यांना चावली. त्यांनी सोडलं नाही.

१.३० – पाणी उतरायला लागलं.

सर्वेश दुसऱ्या दिवशी खाडीच्या बाजूला कांदळाच्या मुळांत मिळाला. इंजिन जागेवरच होतं, चिऱ्यांखाली.

८. अर्ज उशिरा करण्याचे कारण

मला वाटलं होतं, वादळानंतर यंत्राला आपोआप कळेल.

चार हजार शंभर पट्ट्यांनी वादळ मोजलं होतं. कुठलं झाड किती झेलून मोडलं, सगळं नोंदलेलं. आडोसा ते वाचेल, उंड्यांचं खोटं उघडं पडेल, वझे मॅडम फोन करतील, विचारतील. मी काय बोलायचं तेही ठरवलं होतं. जून गेला. फोन आला नाही.

जुलैत अहवाल आला. उंड्या वादळात मोडल्या त्या, रापणीच्या दिवसांत त्यांनी शेकडो वेळा झेलला त्याहून कमी जोराने. आडोशाला याचा मेळ लागेना. एका बाजूला तीन वर्षांच्या नोंदी, एका बाजूला पावणेदोन तास. त्याने ते पावणेदोन तास बाजूला ठेवले. अहवालात लिहिलं होतं: '२४ मे रोजीच्या नोंदी संशयास्पद. विचारात घेतलेल्या नाहीत.' वाटेची जागा योग्यच होती असा निष्कर्ष होता. आणि खाली, उंडीच्या या ताकदीचा आधार घेऊन किनाऱ्यावरच्या आणखी अकरा गावांत वाटा काढण्याचा आराखडा. पुढे उंडीची एक रांग असली की पुरे.

त्या गावांची नावं मी वाचली. दोन ठिकाणी माझी आत्या आणि चुलत बहीण राहतात, बाकीची माहीत नाहीत. पण तिथेही टोकाला कोणाचं तरी घर असेल, आणि त्याच्या शेजारी एक.

मी बाबांना सांगितलं. वादळानंतर ते गाऱ्हाण्याला गेलेले नाहीत. रापण मोडली आहे. ते ओट्यावर बसून असतात, समोर जोगलांच्या चिऱ्यांचा ढीग. ऐकून म्हणाले, 'दोर मी बांधलंय. माझा नाव आधी लिव.'

लिहिते. भिकाजी कुबल यांनी दोर बांधला. हेमांगी कुबल हिने बटण दाबलं नाही. दोर सगळ्यांदेखत बांधला होता. बटण कोणाला दिसत नव्हतं.

यंत्रणेकडून भरला जाणारा भाग (अर्जदाराने काही लिहू नये)

दुरुस्ती तात्पुरती लागू करून फेरगणना केली.
२४ मे रोजीच्या नोंदी : सुसंगत. विचारात घेतल्या.
क्र. ४५१ ते ४५९ : आडोसा नगण्य.
वाटेत तोडलेली १२६ झाडे : घर क्र. ६० चा मुख्य आडोसा.
२४ मे, १२.११ वाजता घर क्र. ६१ चा आडोसा : घर क्र. ६०.

शेजारच्या घराची सही झाल्यावर दुरुस्ती कायम होईल.

९. शेजारच्या घराची सही

हा नियम कशासाठी आहे ते मला माहीत आहे. सुरुवातीला लोक आपली यादी वाढवायला खोट्या दुरुस्त्या पाठवत. म्हणून शेजाऱ्याची सही. ती घरबसल्या कोणी दमदाटी करून घेऊ नये म्हणून शेजाऱ्याच्याच जागेवर, त्याच्या दारावरच्या नंबरपाटीला फोन टेकवून.

आमचा शेजार एकच.

काल सकाळी मी तर, म्हणजे ने-आण करणारी होडी, पकडून खाडीपलीकडच्या शाळेत गेले. वृंदा आणि माई सातवीच्या वर्गात राहतात. फळ्यावर कोणाच्या तरी औषधांच्या वेळा लिहिल्या आहेत. माईने मला ओळखलं. सर्वेश इंजिन घेऊन आला काय, विचारलं. वृंदाने तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

मी फोन तिच्या हातात दिला. तिने सगळं स्वतः वाचलं, पहिल्या रकान्यापासून. मधे एकदा परत वर जाऊन काहीतरी पुन्हा वाचलं. कुठलं ते मला दिसलं नाही. मग ती आत गेली. मला वाटलं, झालं. ती ट्रंक उघडून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाटी होती. साठ नंबर. एक कोपरा दुमडलेला. ढिगातून काढून तिने ती साड्यांखाली ठेवली होती.

'चल,' ती म्हणाली.

होडीत आम्ही समोरासमोर बसलो. ती पाण्याकडे बघत होती. अर्ध्या खाडीत ती बोलली.

'दोराचा माका ठावक होता. मी पण ओढूक येय, इसारलंस? सगळ्यांका ठावक होता. आमका वाटला, यंत्राक पण ठावक आसतला.'

मग तिने माझ्याकडे बघितलं.

'यंत्राक ठावक नाय, ह्या एकट्या तुका ठावक होता.'

पातवाडीला उतरून आम्ही रानातून गेलो. वाटेत नवी मर्यादवेल धरली आहे. जोगलांच्या जोत्यावरचे चिरे बाबांनी पावसाच्या उघडिपीत एकेक उचलून कडेला रचले आहेत, कोणी सांगितलं नसताना. जोतं मोकळं होतं. समोरच्या दाराच्या उंबऱ्याचा दगड तेवढा जागेवर. बाबा ओट्यावरून उठून आत गेले.

वृंदा उंबरा ओलांडून आत गेली. तिथे आत असं काही नव्हतं, तरी ती वाकून गेली, कारण जोगलांचं दार बुटकं होतं. तिने पाटी उंबऱ्यावर उभी केली, एका चिऱ्याला टेकवून. फोन पाटीला लावला. पहिल्यांदा लागला नाही. फोनवर आलं, 'घर क्र. ६० : नोंद बंद. जागा तपासत आहे.' ती तशीच बसून राहिली, हात न हलवता. वारा होता. मग हिरवा ठिपका आला आणि तिने सही केली. पूर्ण नाव. वृंदा सर्वेश जोगल.

मी पुढे होऊन फोन घ्यायला हात केला. तिने फोन दिला नाही. तो उंबऱ्यावर ठेवला, माझ्या बाजूला सरकवला.

'त्या अकरा गावांका कळू दे,' ती म्हणाली. 'आणि तू ह्या दारात परत येव नको.'

मी खाली बघितलं. माझा एक पाय उंबऱ्याला लागला होता. मी तो मागे घेतला.

१०. अर्ज पाठवायचा आहे का?

होय.